साहेबाची पिशवी

आमच्या घरी साहेब आला तो नव्याण्णव साली, कोळशाच्या ट्रकमधून, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसून.

राजूरच्या खाणीच्या जुन्या मॅनेजरचा बंगला पाडायचा ठरला होता आणि आतलं सामान विकायला काढलं होतं. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. ते गेले होते लोखंडी कपाट बघायला आणि आले हे घेऊन. छातीइतका उंच दांडा, खाली कासवाच्या पाठीसारखं ॲल्युमिनियमचं डोकं, आणि दांड्याला लटकलेली लांब काळपट कापडी पिशवी. त्याच्यावर दुसऱ्या कुणी बोलीच लावली नव्हती, कारण ती वस्तू काय आहे हेच कुणाला कळत नव्हतं. बाबांनी ती उलटी केली. आत मोटर दिसली, पंखा दिसला, रबरी पट्ट्यावर फिरणारा ब्रशाचा रूळ दिसला. मग त्यांनी ती ओळखली. शेजारचा लालसिंग कोळशाचा ट्रक चालवायचा, त्यानं ती घरापर्यंत आणून दिली.

"हे काय आणलं?" आईनं दारातूनच विचारलं.

"झाडू हाये. करंटवरचा. गालिचे झाडायचा."

"आपल्या घरी कुठं गालिचा हाये?"

"गालिचा नाई," बाबा म्हणाले, "पण धूळ तं हाये ना."

धूळ होती. राजूरला एका बाजूनं कोळशाची काळी धूळ येते आणि दुसऱ्या बाजूनं चुन्याच्या भट्ट्यांची पांढरी. खिडकीच्या फळीवर दोन्ही थर वेगवेगळे ओळखू येतात. आईला दमा होता. वणीच्या डॉक्टरनं तिला धूळ टाळायला सांगितलं होतं, आणि ते ऐकून ती दवाखान्यातच इतकी हसली होती की तिला खोकल्याची उबळ आली.

दोन खोल्यांच्या घरात दाराच्या मागे तो दांडा ताठ उभा राहायला लागला. मॅनेजरच्या बंगल्यातून आलेला, कुणापुढे न वाकणारा. आईनं त्याचं नाव साहेब ठेवलं. "चाळीस वर्षं यायच्या साहेबायसाठी तुह्या आज्यानं कोळसा फोडला," ती मला म्हणायची, "आता साहेब आपल्या घरी झाडझूड करते."

फरशीवर साहेबाचा काही उपयोग नव्हता. कोपऱ्यातला कचरा तो पुढे ढकलायचा आणि परत घ्यायला विसरायचा. त्याला अंगात धूळ धरून बसलेलं जाड काहीतरी लागायचं. ते त्याला दोन वर्षांनी मिळालं. त्या साली कापसाला भावच नव्हता. मारेगावचे काका गाडी घेऊन बाजारात दोनदा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी थोडा कापूस जिनिंगमधून सरकी काढून आणला आणि आमच्या अंगणात उतरवला. "इकून काई येत नाई, त्यापेक्षा तुमी त्याच्यावर निजा," म्हणाले. पिंजाऱ्याला बोलावलं. तो अंगणात बसून दोन दिवस पिंजत होता. घरात माणसं तीन आणि गाद्या सात झाल्या. आई म्हणाली, आता पाहुणे आले नाहीत तर आपणच जागा बदलून बदलून निजू.

दर रविवारी वीज आली की बाबा साहेबाला बाहेर काढायचे. त्या वर्षांत वीज जाण्याचं वेळापत्रक पेपरात यायचं, पण ते कुणी पाळत नसे, त्यामुळे रविवार कधी सकाळी सुरू व्हायचा, कधी दुपारी. आई ओट्यावर जाऊन बसायची. बाबा एकेक गादी जमिनीवर पसरायचे आणि तिच्यावरून साहेबाला लांबीनं न्यायचे, मग रुंदीनं. मोठा घरघराट व्हायचा. मधेच रुळात दोरा अडकला की ते यंत्र बंद करून आडवं पाडायचे आणि ब्लेडनं रुळाभोवतीचे केस, दोरे कापून काढायचे. पट्टा तुटला की मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापून बसवायचे. शिलाई मशीनचं तेल, अगदी थेंबभर, दोन ठिकाणी. हे सगळं मी इतक्या वेळा पाहिलं होतं की पाहिलं आहे हे विसरले होते.

एक गोष्ट मात्र ते प्रत्येक वेळी बोलून दाखवायचे. पिशवी भरली की ते तोंडाला ओला दुपट्टा बांधून नाल्याकडे जायचे, वाऱ्याकडे पाठ करून ती झटकायचे आणि आल्यावर म्हणायचे, "हे धुवायची नाई बरं. धुतली का मेली."

मी एकदा कारण विचारलं होतं. ते म्हणाले, कापडाच्या विणीतून हवा जाते तशी धूळही जाते. पण बारीक धूळ विणीत रुतून बसली की भोकं लहान होतात. मग हवा जाते आणि धूळ अडते. "धूळच धुळीले धरते," म्हणाले. मग पुढची गादी ओढली.

बाबा दोन हजार सहाच्या जानेवारीत गेले, सकाळी चहा पिऊन, अंगणात, खुर्चीवर बसल्या बसल्या. मी नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मी पोचेपर्यंत त्यांना घरात आणून पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, माणसं गेली. आत्या जाताना आईला म्हणाली, "गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नसते, वैनी. कोणाले देऊन टाक."

बाकीच्या सगळ्या गाद्यांच्या खोळी, चादरी, पडदे, सतरंज्या तोवर धुऊन वाळून घड्या होऊन आल्या होत्या. राख सावडून आल्यावर शेजारच्या बायांनी घरातलं होतं नव्हतं ते सगळं कापड गोळा करून बोअरिंगवर नेलं होतं, तशी आमच्याकडे रीतच आहे. बाबांची गादी मात्र आईनं कुणाला उचलू दिली नव्हती. ती गुंडाळी करून साहेबाच्या शेजारी उभी केली होती.

"पाहू," ती आत्याला म्हणाली.

माझी रजा संपत आली होती. मी आईला नागपूरला न्यायचं ठरवलं होतं. म्हणजे मनात ठरवलं होतं आणि ते तिला कळलंही होतं. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, धूळ कमी, दवाखाना जवळ. एका रविवारी दुपारी वीज आली तसं मी ते बोलून टाकलं.

"आधी साहेबाले काढ," आई म्हणाली. "गाद्या किती दिवसाच्या झाडल्या नाईत."

मी साहेबाला काढलं. पहिल्यांदाच माझ्या हातात होता तो. बटण दाबलं, घरघर सुरू झाली. आई ओट्यावर न जाता दारातच उभी राहिली, बघत. एक गादी अर्धी झाली असेल, तेव्हा खिडकीतून येणाऱ्या उन्हात मला धूर दिसला. मला वाटलं मोटर जळते आहे. पण धूर खालून येत नव्हता. पिशवीच्या सगळ्या अंगातून बारीक पांढुरकी धूळ बाहेर पडत होती, पिठाच्या चाळणीतून पडावी तशी. मी बटण बंद करेपर्यंत खोली भरली होती. आई खोकायला लागली. तिला बाहेर नेलं, पाणी दिलं, पंप दिला. बराच वेळ तिचे खांदे वर-खाली होत राहिले.

मग मी आत जाऊन पिशवी हातात घेतली. ती मऊ होती, फिकट राखाडी, आणि तिला सोड्याचा वास येत होता.

तेवढ्यात लालसिंगची बायको बिजलीबाई खोकला ऐकून कुंपणाशी आली. "याडी ये, माय! पुन्हा दमा चालू झाला का?" आणि मग माझ्या हातातली पिशवी दिसताच तिचा चेहरा उजळला. "पाह्यली का रुपाली? मीनं धुतली. किती काळं पाणी निघालं बाई! सोड्यात उकळली, मोगरीनं कुटली, चार पाणी बदलले, तवा कुठं रंग दिसला. भाऊजीनं इतक्या वर्षात एक डाव पाण्याले लावली नव्हती. मानसायचं काम असंच असते."

मी तोंड उघडलं. आईनं माझा हात धरला. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता, पण हात घट्ट धरला होता.

बिजलीबाई गेल्यावर ती म्हणाली, "तिले काई बोलशीन नको. माह्या घरची भांडी घासली तिनं आठ दिवस. तिले काय मालूम."

"बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं."

"तुले सांगतलं होतं, मले सांगतलं होतं. तिच्या घरी जाऊन सांगाव का त्यायनं?"

मी म्हटलं, "बरं झालं एका परीनं. आता चल नागपूरला. इथं हे असं चालणार नाही."

"साहेब दुरुस्त झाला तं चालन."

"दुरुस्त झाला तर तू येणार नाहीस."

"नाई येणार." ती सरळ बोलली. "मले तुह्या घरी करमत नाई. तू दिवसभर ऑफिसात. मी खिडकीतून दुसऱ्याची खिडकी पाहत बसू? इथं मले सारे ओळखतात."

"मग मी तो कायले दुरुस्त करू?"

आई थोडी हसली. माझी बोली वळली की ती हसते. "येत असन तं करशीन. नसन येत तं तसं सांग. तुह्या बापाची पोट्टी आहेस म्हणून म्हटलं."

मला राग आला होता, आणि त्या रागातच मी कामाला लागले. तिला घेऊन जायचं असेल तर काहीच न करणं पुरेसं होतं, हे मला दिसत होतं. पण तिचे वर-खाली होणारे खांदेही मी नुकतेच पाहिले होते. आणि नागपूरला नेऊनसुद्धा ती तिथं राहीलच याची खात्री कुठं होती? मागच्या वेळी पाचव्या दिवशी तिनं स्वतःची पिशवी भरून ठेवली होती.

आधी मी आईचं जुनं सुती लुगडं दुहेरी करून पिशवीच्या आत अस्तरासारखं टाचलं. धूळ थांबली, पण हवाही थांबली. मोटरचा आवाज चढत गेला, डोकं तापलं, आणि फट्‌ असा आवाज होऊन पट्टा तुटला. पट्टे कुठे आहेत हे मला शोधावं लागलं नाही. चुलीमागच्या फळीवर, काचेच्या बरणीत, ट्यूबची कडी पावडर लावून ठेवलेली होती. बाबांनीच कापलेली. मी एक काढून साहेबाला आडवं पाडलं आणि बसवायला लागले. कडं रुळावर चढतं, पण दुसरं टोक मोटरच्या दांड्यावर ओढताना हातातून सुटतं. तीन वेळा सुटलं.

"रूळ आधी बसवू नको," आई मागून म्हणाली. "आधी मोटरवर टाक. मग रूळ दाबत दाबत आत घाल. ते तसेच करत."

"तुला येतं?"

"पाह्यलं हाये. ओट्यावरून दिसत नव्हतं का मले?"

दुसऱ्या दिवशी वणीला जाऊन मी मांजरपाट आणला. मोजून कापला, शिवला. वर यंत्राच्या गळ्याला बांधायचं तोंड आणि खाली रिकामी करायला चिमट्याची फट. सुरू केल्यावर पुन्हा तोच धूर, जरा कमी. आईला मी आधीच बिजलीबाईच्या घरी बसवून आले होते. परत आल्यावर तिनं माझ्या केसांवरची धूळ बघितली आणि पाणी तापायला ठेवलं.

संध्याकाळी वीज गेली. मी बाबांच्या गुंडाळलेल्या गादीला पाठ टेकून बसले होते. काही वाचावं म्हणून पुस्तक घेतलं होतं, पण अंधारामुळे ते नुसतं मांडीवर होतं. बोटं मागच्या गादीवरून फिरत होती. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गादीपाट, पाच वर्षांच्या निजण्यानं गुळगुळीत झालेला. त्या गाद्या आल्या तेव्हा पिंजारी बाबांशी वाद घालत होता, साधं कापड घ्या म्हणून. बाबांनी ऐकलं नव्हतं. म्हणाले होते, गादीपाटच पाहिजे, घट्ट विणीचा, नाहीतर कापूस तंतूतंतूनं बाहेर येतो आणि हिच्या नाकात जातो.

मी उठून चिमणी लावली आणि गादीची शिवण उजेडात धरली. एक तंतूही बाहेर नव्हता.

"आई," मी म्हटलं, "पिशवी गादीपाटाची पाहिजे."

"मग उद्या वणीहून आण."

"नवा खळीनं कडक असतो. धुवावा लागेल. धुतला की पुन्हा सैल होईल. वापरून मऊ झालेला आणि अंगात कापसाचा भुगा बसलेला पाहिजे." मी इतर गाद्यांकडे बोट केलं. "त्यातली एखादी फोडू. सहा आहेत."

आई उठली. चिमणी घेऊन ती एकेका गादीपाशी गेली. ज्या गाद्यांवर कुणी निजत नव्हतं, त्या अजून कडकच होत्या. तिची स्वतःची दम्यातल्या घामानं आणि तेलानं डागाळलेली होती, माझी मधोमध फाटून ठिगळ लावलेली. मग ती बाबांच्या गादीपाशी आली. तिच्यावर हात फिरवला, गादीपाट चिमटीत धरून ओढून पाहिला, बाजारात कापड पाहतात तसा.

"हेच बरी हाये," ती म्हणाली.

"आई, ती नको."

"काहून नको? नंदेले देऊन टाकली असती तं ते कोण्या गड्याले देणार. इथं राहीन तं कामी येइन." ती चिमणी खाली ठेवून बसली. "कातर आण."

कातर मी आणली, पण शिवण तिनंच उसवली. घाई न करता, एकेक टाका, कारण दोराही तिला ठेवायचा होता. आत काकांचा तो कापूस होता, न विकला गेलेला. दबून दबून त्याच्या पोळ्या झाल्या होत्या. एका ठिकाणी त्याला बाबांच्या खांद्याचा खळगा पडला होता. आईनं त्याच्यावर हात ठेवला. मग ती पोळी उचलून बाकीच्या कापसावर ठेवली.

पिशवी मी दुसऱ्या दिवशी शिवली. शिवण आतून दुहेरी दुमडली, म्हणजे सुईच्या भोकांतूनही धूळ येऊ नये. पण तरी ती पहिल्या दिवशी गळणार हे मला माहीत होतं. तिच्या विणीत अजून बारीक धूळ रुतलेली नव्हती. त्यावर मला एकच उपाय सुचला. वीज आल्यावर मी वायर खिडकीतून बाहेर काढली, अंगणात रस्त्याच्या बाजूला सतरंजी पसरली आणि साहेबाला तिच्यावर उभं केलं. कोळशाचे ट्रक जात होते. सतरंजीवर धूळ बसत होती आणि मी ती ओढून घेत होते. पुन्हा बसत होती, पुन्हा ओढत होते. पिशवीतून आधी धूर येत राहिला आणि वाऱ्यावर निघून गेला.

बिजलीबाई कुंपणावर कोपरं टेकून उभी राहिली. "रस्ता झाडून राह्यली का मशीननं? राजूरची धूळ सरन का अशानं?"

"सरायले नाई पाहिजे," मी म्हटलं. "मले थोडी लागते."

ती आईकडे वळून हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं, "पोरीले लय लागलं हाये बाई बापाचं. ध्यान ठेव." मग तिची नजर पट्ट्यापट्ट्यांच्या पिशवीवर गेली. "आणि ते जुनी कुठं गेली? मीनं तं कशी झकास करून देली होती."

"तुह्या धुण्यानंच समजलं ना," आई म्हणाली. "मळ निघाला तं खाली कापड पार विरलेलं. बरं झालं, तूनं धुतली. नाईतर एक दिवस फाटलीच असती."

"पाह्य," बिजलीबाई माझ्याकडे बघून म्हणाली.

दुपारपर्यंत धूर कमी झाला, मग दिसेनासा झाला. मी पिशवीच्या आत हात घालून पाहिलं. बोटांना पिठासारखा पातळ थर लागला, काळा आणि पांढरा मिसळून राखाडी. मी तो झटकला नाही. साहेबाला घरात आणलं, एक गादी पसरली, दार उघडं ठेवून सुरू केलं आणि खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. उन्हात नेहमी असतात तेवढेच कण होते.

"बाजूले सर," आई म्हणाली. तिनं दांडा माझ्या हातातून घेतला. ती बाबांपेक्षा बरीच ठेंगणी आहे, त्यामुळे दांडा तिच्या हनुवटीपर्यंत येत होता. तिनं आधी लांबीनं नेलं, मग रुंदीनं. दुसऱ्या गादीच्या मध्यावर थांबली, धाप लागली म्हणून, आणि मग पुन्हा सुरू केलं. मी तिला थांबवलं नाही. वायर तिच्या पायात येऊ नये म्हणून उचलून धरली.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडून पट्टा काढून घेतला आणि पुन्हा बसवून घेतला. ब्लेडनं रुळाचे दोरे कापून घेतले. ट्यूबची कडी कापून बरणी भरली. ती म्हणाली, "मॅट्रिकची परीक्षा हाये का?" पिशवी झटकायला नाल्यापर्यंत कोण जाणार, हा प्रश्न तिनंच सोडवला. लालसिंग. त्याचं तोंड तसंही कायम धुळीत असतं. बिजलीबाईला मात्र पिशवीला हात लावू द्यायचा नाही, आणि ते तिला कळूही द्यायचं नाही.

बाबांच्या गादीतला कापूस तिनं उशांत भरला. एक बिजलीबाईला दिली, एक आत्याला पाठवली. आत्याला काय सांगितलं, मला माहीत नाही. एक मला दिली, पण ती बॅगेत बसत नव्हती. ती आईनं दोरीनं बाहेरून बांधून दिली आणि एसटीत बायका तिच्याकडे बघत राहिल्या.

नागपूरला पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत रोज आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं. मी यवतमाळची आहे हे कळलं की लोक आवाज खाली आणून बोलायचे. मला त्यांना काय सांगावं ते कळायचं नाही. आमच्याकडच्या कापसाबद्दल मला जे ठाऊक होतं, त्यातलं बरंचसं माझ्या उशीत होतं.

रविवारी मी घरी फोन लावते. पहिल्या रविवारी बराच वेळ घंटा वाजत राहिली. मी विजेचं वेळापत्रक आठवून पाहिलं, शेजारच्या कुणाला फोन लावता येईल याचा विचार केला. मग फोन उचलला गेला.

"थांब," आई म्हणाली. मागे घरघर चालू होती. "लाईन आत्ताच आली. दोन गाद्या राह्यल्या हायेत."

"मी मग करते फोन."

"कायले? थांब ना."

तिनं फोन तसाच बाजूला ठेवला. मी कानाला लावून बसले. घरघर लांब गेली, जवळ आली, पुन्हा लांब गेली. लांबीनं असावी. मग आवाजाची लय बदलली, छोट्या छोट्या खेपा होऊ लागल्या. मधे एकदा ती खोकली. मी उठून उभी राहिले. यंत्र बंद झालं नाही, आणि ती दुसऱ्यांदा खोकली नाही. मी पुन्हा खाली बसले आणि तिच्या दोन गाद्या होईपर्यंत थांबले.